बाल्टिमोरचा रोखपाल आणि अमेरिकेची केंद्रसत्ता (१८११ ते १८३३)

मूळ लेख : जुना कारकून

१८१८ च्या फेब्रुवारीत मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाने एक कर बसवला. राज्याची सनद नसलेल्या बँकेला मेरीलँडमध्ये चलनी नोटा काढायच्या असतील, तर त्या राज्याने विकलेल्या मुद्रांकित कागदावरच काढाव्या लागतील, अन्यथा वर्षाला १५,००० डॉलर एकरकमी भरावे लागतील, असा तो कायदा होता. कायद्यात कोणाचे नाव नव्हते. पण अशी बँक राज्यात एकच होती, ती म्हणजे संघसरकारने १८१६ मध्ये सनद दिलेल्या 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'ची बाल्टिमोर शाखा. शाखेचा रोखपाल जेम्स मॅककलॉक याने साध्याच कागदावर नोटा काढल्या, राज्याने त्याला कोर्टात खेचले, आणि तेथून निघालेला दावा १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तरुण अमेरिकेत केंद्रसत्ता कशी वाढली हे समजून घ्यायचे असेल, तर झेंडा, राष्ट्रगीत आणि विजयोत्सव थोडे बाजूला ठेवून या दाव्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

आधी बँकेची पूर्वपीठिका सांगतो. पहिली राष्ट्रीय बँक अर्थमंत्री हॅमिल्टनच्या आग्रहाने १७९१ मध्ये वीस वर्षांसाठी स्थापन झाली होती. राज्यघटनेत बँक स्थापन करण्याचा अधिकार कोठेही लिहिलेला नाही, म्हणून ती घटनाबाह्य आहे, असे तेव्हा प्रतिनिधिगृहात ठासून सांगणारे गृहस्थ होते जेम्स मॅडिसन. १८११ मध्ये सनद संपली, तेव्हा नूतनीकरण प्रतिनिधिगृहात एका मताने पडले; सिनेटमध्ये समसमान मते पडल्यावर उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांनी आपले निर्णायक मत विरोधात टाकले. नूतनीकरणाविरुद्ध जोरदार भाषण करणाऱ्यांत हेन्री क्ले होते. पाच वर्षांनी, एप्रिल १८१६ मध्ये, साडेतीन कोटी डॉलर भांडवलाची, म्हणजे आधीच्या साडेतीनपट मोठी, दुसरी बँक स्थापन झाली. विधेयक मांडले दक्षिण कॅरोलायनाच्या जॉन कॅलहून यांनी, पाठिंबा दिला क्ले यांनी, आणि अध्यक्ष म्हणून सही केली त्याच मॅडिसन यांनी. विरोधात मत देणाऱ्यांत डॅनिएल वेब्स्टर होते, आणि तीनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात बँकेची वकिली करायला तेच उभे राहिले.

ही सगळी माणसे तत्त्वशून्य होती असे म्हणून मोकळे होता येईल, पण ते खरे नाही. मधल्या पाच वर्षांत ब्रिटनशी युद्ध झाले होते, आणि ज्या सरकारला बँक नको होती त्याच सरकारने ते बँकेवाचून लढून पाहिले होते. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळले. त्याच सुमारास न्यू इंग्लंडबाहेरच्या (न्यू इंग्लंड म्हणजे ईशान्येकडची राज्ये) बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले, आणि नोव्हेंबरपर्यंत संघसरकारला स्वतःच्या कर्जावरील देणी चुकवता येईनात. न्यू इंग्लंडच्या काही गव्हर्नरांनी आपले राज्य-सैनिक संघसरकारच्या हाताखाली देण्याचे नाकारले होते. डिसेंबरमध्ये तेथील संघवादी पक्षाचे, म्हणजे एरवी बळकट केंद्राचा पुरस्कार करणाऱ्या हॅमिल्टनच्या पक्षाचे, पुढारी हार्टफर्ड येथे बंद दाराआड जमले आणि केंद्राचे अधिकार छाटणाऱ्या घटनादुरुस्त्यांची यादी तयार करून बसले. त्यांचे प्रतिनिधी ती यादी घेऊन राजधानीत पोहोचले, तोवर न्यू ऑर्लीन्सच्या विजयाची आणि युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहाची बातमी येऊन थडकली होती. संघवादी पक्ष त्या हास्यास्पदतेतून पुन्हा उठला नाही. गंमत अशी, की तो पक्ष मेला आणि त्याचा कार्यक्रम मात्र विरोधकांनी उचलला.

आता निकालाकडे येतो. युक्तिवाद नऊ दिवस चालला आणि तीनच दिवसांनी, ६ मार्च १८१९ रोजी, सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी एकमताचा निकाल वाचला. सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी पाच न्यायाधीश जेफर्सन आणि मॅडिसन यांनी, म्हणजे संघवाद्यांच्या विरोधकांनी, नेमलेले होते, हे येथे ध्यानात ठेवावे. निकालाचा कणा तीन मुद्द्यांचा होता. पहिला असा, की राज्यघटना हा राज्यांनी आपसात केलेला करार नसून ती लोकांनी घडवलेली आहे. लोक मान्यतेसाठी आपापल्या राज्यात जमले, कारण दुसरीकडे कोठे जमणार? दुसरा मुद्दा शब्दांचा होता. राज्यघटनेआधी लागू असलेल्या परिसंघाच्या करारनाम्यात केंद्राला 'स्पष्टपणे' दिलेलेच अधिकार मिळतील, असे म्हटले होते, पण केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे वा लोकांकडे ठेवणाऱ्या दहाव्या घटनादुरुस्तीतून तो शब्द वगळला गेला आहे. शिवाय राज्यघटनेने एके ठिकाणी 'अत्यंत आवश्यक' आणि दुसरीकडे, काँग्रेसच्या (म्हणजे केंद्रीय विधिमंडळाच्या) अधिकारांच्या कलमात, नुसते 'आवश्यक' असे म्हटले असेल, तर दोहोंचा अर्थ एक कसा मानायचा? म्हणून साध्य घटनेच्या कक्षेत असेल, तर त्याला अनुरूप आणि घटनेने न मनाई केलेले कोणतेही साधन काँग्रेस वापरू शकते. तिसरा मुद्दा सर्वांत प्रसिद्ध आहे : कर लादण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार अंतर्भूत असतो, आणि अंशाला पूर्णाचा नाश करण्याची मुभा देता येत नाही. म्हणून बँक वैध ठरली आणि मेरीलँडचा कर रद्द झाला.

मला स्वतःला दुसरा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. एका वगळलेल्या क्रियाविशेषणावर एवढी मोठी इमारत उभी करणारा न्यायाधीश विरळा. पण विचार करण्याजोगी बाब अशी आहे, की ज्या केंद्रसत्तेसाठी हे सारे लिहिले गेले, ती प्रत्यक्षात किरकोळ होती. १८२१ मध्ये काँग्रेसने लष्कर ६,००० माणसांवर आणले. महसूल मुख्यतः बंदरांवरच्या जकातीतून येत असे. सामान्य माणसाला भेटणारा संघसरकारचा एकमेव नोकर बहुधा पोस्टमास्तर होता, आणि तो मात्र सर्वत्र होता : १७९० मध्ये ७५ टपाल कार्यालये होती, १८३० पर्यंत ती सुमारे ८,४५० झाली. म्हणजे सत्ता आधी निकालपत्रात वाढली आणि भूमीवर पुष्कळ उशिरा आली. या मताशी कोणी असहमत असल्यास कारणांसह लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : तराजू

लेख आवडला, पण युद्धाच्या अनुभवाने सगळ्यांची मते बदलली, हे अर्धेच उत्तर आहे. मते हितसंबंधांनीही बदलली, आणि १८१६ चा जकात कायदा त्याचा उत्तम नमुना आहे. त्यात सुती कापडावर २५ टक्के जकात होती. पण खरी मेख पुढे होती. चौरस वाराला २५ सेंटांहून स्वस्त असलेले कोणतेही सुती कापड २५ सेंटांचेच आहे असे धरून जकात आकारायची, म्हणजे वारामागे किमान सव्वासहा सेंट. समजा एखादे जाडेभरडे कापड वाराला नऊ सेंटांचे असेल, तर त्याच्यावरची जकात प्रत्यक्षात ७० टक्क्यांच्या आसपास जाते.

हे जाडेभरडे कापड कोठून येत होते? मुख्यतः हिंदुस्थानातून. बोस्टन आणि सेलमची जहाजे कलकत्त्याहून ते भरून नेत असत. बोस्टनजवळ वॉल्थमला यंत्रमागाची गिरणी काढणारे फ्रान्सिस कॅबट लॉवेल यांनी स्वतः वॉशिंग्टनला जाऊन ही किमान किमतीची तरतूद पुढे रेटली, कारण त्यांची गिरणी नेमके त्याच प्रतीचे कापड विणत होती. उंची इंग्रजी कापडाला तिचा फारसा त्रास नव्हता. बंगालच्या विणकराचा माल मात्र त्या बाजारातून बाहेर फेकला गेला. आपल्याकडे विणकरांच्या ऱ्हासाची चर्चा मँचेस्टरवर थांबते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. आणि या जकातीला १८१६ मध्ये पाठिंबा देणारे होते कॅलहून, तर विरोध करणारे होते जहाजमालकांच्या न्यू हॅम्पशायरचे वेब्स्टर. बारा वर्षांनी न्यू इंग्लंडचे भांडवल जहाजांतून गिरण्यांत गेले, कापसाचे भाव कोसळून दक्षिण हवालदिल झाली, आणि दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या.

प्रतिसाद : उंबरठा

मूळ लेखात व्हर्जिनियाची बाजू अजिबात आलेली नाही, हा मला मोठा दोष वाटतो. निकालानंतर काही आठवड्यांतच 'रिचमंड एन्क्वायरर' या पत्रात त्याच्यावर लेखमाला सुरू झाल्या. एका मालेचे लेखक न्यायाधीश विल्यम ब्रोकनब्रो होते, दुसरी 'हॅम्पडेन' या टोपणनावाने स्पेन्सर रोन यांनी लिहिली. रोन हे व्हर्जिनियाच्या सर्वोच्च अपील न्यायालयातले वजनदार न्यायाधीश होते. त्यांचा सवाल साधा होता. 'आवश्यक' या शब्दाचा अर्थ 'सोयीस्कर' असा होत असेल, तर फिलाडेल्फियात घटना रचताना केंद्राच्या अधिकारांची यादी लिहिण्याचे कष्ट कशाला घेतले? आणि केंद्र व राज्य यांच्यातील तंट्यात अंतिम निवाडा करणारे न्यायालय केंद्राचेच असेल, तर हा पंच कोणत्या न्यायाने?

या युक्तिवादाला तिरकसपणे उडवून लावता येत नाही. मार्शल यांनाही तो उडवता आला नाही, कारण त्यांनी स्वतः टोपणनावाने वर्तमानपत्रांत त्याची उत्तरे लिहिली. एका मालेखाली 'संघाचा मित्र' आणि दुसरीखाली 'राज्यघटनेचा मित्र' अशी सही होती. विद्यमान सरन्यायाधीश आपल्याच निकालाचे समर्थन निनावी करत आहेत, ही गोष्ट आज उघडकीस आली असती तर केवढा गहजब झाला असता! टोपणनावाआडून आपण सगळे येथे लिहितो, तेव्हा आपण फार काही बोलू नये हे खरे.

प्रतिसाद : जुना कारकून

उंबरठा, दोष मान्य आहे. एवढीच भर घालतो, की रोन यांचा विरोध मॅककलॉकपासून सुरू झालेला नाही. जमिनीच्या एका जुन्या वादात व्हर्जिनियाच्या न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम मानण्यास सरळ नकार दिला होता. १८१६ मध्ये मार्टिन विरुद्ध हंटर या निकालात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी तो नकार मोडून काढला. त्या जमिनीत मार्शल कुटुंबाचे हितसंबंध असल्यामुळे मार्शल त्या खटल्यातून बाजूला झाले होते. १८२१ मध्ये कोहेन बंधूंचे प्रकरण आले : वॉशिंग्टन शहराच्या लॉटरीची तिकिटे व्हर्जिनियात विकल्याबद्दल १०० डॉलर दंड. मार्शल यांनी दंड कायम ठेवला, पण राज्याने दिलेल्या फौजदारी शिक्षेवरील अपील ऐकण्याचा आपला अधिकार मात्र पदरात पाडून घेतला. शंभर डॉलरांच्या दंडात व्हर्जिनिया जिंकली, आणि बाकी सगळे हरली.

तराजू यांच्या हिंदुस्थानी कापडाच्या मुद्द्याबद्दल आभार. तो माझ्या ध्यानात आला नव्हता.

प्रतिसाद : मधली सुट्टी

एक भाबडी शंका विचारतो. निकाल दिला, ठीक. पण राज्यांनी तो मानला का? सरकारकडे सहा हजारांचे लष्कर, तेही सरहद्दीवर विखुरलेले. मानला नसता तर काय केले असते?

प्रतिसाद : किल्लेदार

शंका भाबडी नाही, आणि तिचे उत्तर ओहायो राज्यात सापडते. ओहायोने फेब्रुवारी १८१९ मध्ये बँकेच्या प्रत्येक शाखेवर ५०,००० डॉलर कर बसवला होता. शाखा दोन असल्यामुळे येणे एक लाखाचे झाले. मॅककलॉकचा निकाल लागून सहा महिने उलटले होते, सप्टेंबरमध्ये वसुलीची तारीख आली, आणि राज्याचे हिशेबनीस राल्फ ऑस्बर्न यांची माणसे चिलिकॉथी शाखेत शिरली. त्यांनी तिजोरी उघडून एक लाख वीस हजारांहून अधिक रक्कम गाडीत घालून राजधानी कोलंबसला नेली. हिशेब केल्यावर जास्तीची रक्कम त्यांनी प्रामाणिकपणे परत केली, हेही नमूद करतो.

पुढे संघन्यायालयाने पैसे परत करण्याचा हुकूम काढला. राज्याच्या खजिनदाराने नकार दिल्यावर त्याला तुरुंगात टाकले, त्याच्याकडच्या किल्ल्या घेतल्या आणि खजिन्यातून रक्कम उचलली. ओहायोने सूड म्हणून बँकेवरचे कायद्याचे छत्रच काढून घेतले : बँकेच्या फिर्यादीवरून आलेल्या कैद्याला कोणत्याही तुरुंगाधिकाऱ्याने घेऊ नये, तिच्या दस्तऐवजांची कोणी नोंदणी करू नये, असा कायदा केला. अखेर १८२४ मध्ये ऑस्बर्न विरुद्ध बँक या निकालात मार्शल यांनी राज्याचा अधिकारीही घटनाबाह्य कायद्यामागे लपू शकत नाही, असे ठरवले. तोवर ओहायोचाही जोर ओसरला होता.

मात्र १८३२ मध्ये वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात, चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांच्या भूमीवर जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत, असा निकाल मार्शल यांनी दिला आणि जॉर्जियाने तो धाब्यावर बसवला. 'मार्शलने निकाल दिला, आता त्यानेच तो राबवावा', हे वाक्य अध्यक्ष जॅक्सन यांच्या तोंडी घालतात. त्याला समकालीन आधार नाही, पण घडले ते तसेच. चेरोकींना घर सोडावे लागले. बँकेच्या पैशासाठी खजिनदाराच्या किल्ल्या काढून घेणारी सत्ता चेरोकींच्या वेळी हातावर हात ठेवून बसली, हे केंद्रसत्तेचे गोडवे गाताना विसरू नये.

प्रतिसाद : नांगर

या चर्चेत ज्या शब्दाची मी वाट पाहत होतो तो अजून आला नाही : गुलामगिरी. उंबरठा यांनी रोन यांचा युक्तिवाद न्यायाचा म्हणून मांडला आहे. तो शब्दशः तसा असेलही, पण त्यामागची भीती कोणती होती ती पाहावी. १८१७ मध्ये कॅलहून यांनी बँकेकडून सरकारला मिळणारे पंधरा लाख डॉलर रस्ते व कालव्यांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक संमत करून घेतले, आणि मॅडिसन यांनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, ३ मार्च रोजी, ते घटनेच्या कारणावरून नाकारले. त्यानंतरच्या वर्षी उत्तर कॅरोलायनाचे सिनेटर नॅथॅनिएल मेकन यांनी एका खासगी पत्रात लिहिले त्याचा आशय असा, की काँग्रेसला कालवे खोदता येत असतील, तर गुलामांना मुक्त करणे तिला त्याहून सहज जमेल. १८२४ मध्ये व्हर्जिनियाचे जॉन रँडॉल्फ यांनी तेच प्रतिनिधिगृहात उघडपणे सांगितले. म्हणजे प्रश्न कालव्याचा नव्हताच.

मिसुरीच्या वादाने हे सगळ्यांना दिसले. गुलामगिरीसह मिसुरी राज्य आत घ्यायचे की नाही यावर दोन वर्षे रण माजले आणि १८२० मध्ये ३६ अंश ३० कलांची रेघ ओढून, मिसुरी वगळता तिच्या उत्तरेच्या प्रदेशात गुलामगिरीला मनाई करून, तडजोड झाली. त्या वेळी माजी अध्यक्ष जेफर्सन यांनी या वादाची तुलना मध्यरात्री वाजणाऱ्या आगीच्या घंटेशी केली. त्याच वर्षी जेम्स मन्रो एक मत सोडून सगळी निर्वाचक मते मिळवून दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. या काळाला 'सद्भावनेचे युग' म्हणतात. हे नाव बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने १८१७ मध्ये दिले, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्याला कल्पना नसावी.

प्रतिसाद : उंबरठा

नांगर यांचे म्हणणे मला अंतर्मुख करणारे आहे, आणि पुष्कळसे मान्यही आहे. तरीही एक फरक करावासा वाटतो. १८१४ मध्ये हार्टफर्डला राज्यांचे अधिकार मागणारे न्यू इंग्लंडचे होते, १८१९ मध्ये कर वसूल करणारे ओहायो हे गुलामगिरी नसलेले राज्य होते. त्यामुळे राज्यांच्या अधिकारांचा प्रत्येक पुरस्कर्ता गुलामांचा मालकच होता, असे मानले तर ओहायोचे कोडे सुटत नाही. दक्षिणेत मात्र १८२० नंतर दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा विणल्या गेल्या, की वेगळ्या काढता येत नाहीत, हे मी स्वीकारतो.

प्रतिसाद : परिशिष्ट

एक धागा आपल्याकडेही येतो, म्हणून थोडक्यात लिहितो. मार्शल यांचा पहिला मुद्दा, म्हणजे घटना राज्यांच्या करारातून जन्मली की लोकांकडून, हा १८१९ मध्ये मिटला नाही. १८३२ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण कॅरोलायनाने जकातीचे कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले तेव्हा तो पुन्हा उभा राहिला, जॅक्सन यांनी डिसेंबरच्या जाहीरनाम्यात त्याला कठोर उत्तर दिले, आणि मार्च १८३३ मध्ये जकात उतरवून व अध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचा अधिकार देऊन काँग्रेसने तो पुढे ढकलला. शेवटी तो यादवी युद्धात सुटला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमके याच अनुभवावर बोट ठेवले. भारतीय संघ हा राज्यांच्या कराराचे फळ नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही. अमेरिकेला हे ठरवण्यासाठी यादवी युद्ध लढावे लागले, आपण ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात 'राज्यांचा संघ' हे शब्द आहेत ते त्यामुळे. शेषाधिकारही (कोणत्याच यादीत न आलेले अधिकार) आपण राज्यांकडे न ठेवता केंद्राकडे दिले. संघाच्या मालमत्तेला राज्यांच्या करातून सूट देणारे कलम २८५ वाचताना मॅककलॉकची आठवण होतेच.

प्रतिसाद : मधली सुट्टी

सर्वांचे आभार. एक राहिले : त्या रोखपालाचे पुढे काय झाले?

प्रतिसाद : जुना कारकून

हे मी मूळ लेखात मुद्दाम ठेवले नव्हते, कारण ते आधी सांगितले असते तर निकालाकडे कोणी गंभीरपणे पाहिले नसते. निकाल लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा उघड झाले की मॅककलॉक आणि त्याचे दोन साथीदार, शाखेचे अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन आणि बँकेचे एक संचालक जॉर्ज विल्यम्स, यांनी पुरेशा तारणाशिवाय कर्जे उचलून बँकेच्याच शेअरांत सट्टा खेळला होता. बाल्टिमोर शाखेचा तोटा दहा लाख डॉलरांहून पुष्कळ अधिक निघाला. ज्या राज्याचा कर त्याने बुडवला होता त्याच मेरीलँडने तिघांवर कट केल्याचा खटला आपल्या न्यायालयात भरला, आणि १८२३ मध्ये सगळे निर्दोष सुटले. त्यानंतर मॅककलॉक मेरीलँडच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला, त्याचा सभापतीही झाला, आणि १८४२ मध्ये त्याला संघसरकारच्या खजिन्यात कंट्रोलर म्हणून नेमण्यात आले. सरकारी हिशेब तपासणे हे त्याचे काम होते.